झडप उघडली, हे कळवणार कोण?

वाशीमच्या व्यासपीठावर इतिहास म्हटला की वत्सगुल्म आणि वाकाटक ओघानेच येतात, आणि ते यावेतही. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास मांडणार आहोत, ती मात्र ताम्रपटात सापडत नाही की लेण्यांत दिसत नाही. थंड मुलखातल्या घरांत ऊब खेळवणाऱ्या नळांवर एक लहानशी झडप असते. विजेच्या मोटारीने ती आपोआप उघडते आणि मिटते. तिची ही कथा. वैशाखातल्या वाशीमकरांना घर तापवण्याच्या यंत्राची गोष्ट सांगणे म्हणजे उन्हातून आलेल्या पाहुण्याला शेकोटीशी बसवण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे इंग्लंडात संसार करतात, त्यांच्या घरातल्या कपाटात ही झडप असण्याचा संभव पुष्कळ आहे. आणि तिने जो प्रश्न सोडवला, तो तर आपल्या दारातलाच आहे.

तो प्रश्न असा. आपल्या शहराला एकबुर्जीच्या धरणाचे पाणी मिळते. सगळ्या शहराला एकाच वेळी ते पुरेशा जोराने देता येत नाही. म्हणून शहराचे भाग पाडायचे आणि आज या भागाचे नळ सोडायचे, उद्या त्या भागाचे. हे काम नगरपरिषदेचा व्हॉल्व्हमन करतो. लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो निघतो, रस्त्यातल्या खड्ड्यावरचे झाकण बाजूला करतो, आणि मोजून आटे फिरवतो. कोणती झडप किती आट्यांनी पुरती उघडते, कोणत्या गल्लीत पाणी पोहोचायला किती वेळ लागतो, कोणती झडप मिटली तरी थोडी गळते, हे बहुधा कोठे लिहिलेले नसते. ते त्याच्या डोक्यात असते. तो आजारी पडला की साऱ्या गावाला त्याची किंमत कळते. या माणसाच्या हातातली चावी यंत्राच्या हातात कशी गेली, आणि जाताना वाटेत काय काय सांडले, एवढाच आमचा विषय आहे.

प्रथम त्या परदेशी घराची रचना पाहू. आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवावा. मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी, वर थंड पाणी ओतले की तोटीतून कढत पाणी बाहेर. त्या घरातला बॉयलर हा या बंबाचाच थोर भाऊ होय. त्यात लाकडाऐवजी गॅस जळतो, आणि तापलेले पाणी एक पंप नळांतून खोल्याखोल्यांत फिरवतो. प्रत्येक खोलीत भिंतीशी पत्र्याचा चपटा, पोकळ पाट उभा असतो. पाणी त्यातून जाताना आपली ऊब खोलीला देते आणि निवून पुन्हा बॉयलरकडे परतते. याच बॉयलरचे कढत पाणी दुसऱ्या वाटेने एका टाकीतल्या नळीच्या वेटोळ्यातून जाते आणि अंघोळीचे पाणी तापवते. म्हणजे एका चुलीवर दोन मागणीदार झाले: खोल्या आणि अंघोळ. रात्री खोली उबदार झाली पण टाकी गार आहे, तेव्हा पाणी कोणत्या वाटेने जावे? आणि दोन्हीकडे पुरे झाले, तर आता बस, हे बॉयलरला कोणी सांगावे?

‘आता बस’ हे यंत्राकडून वदवण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने कोंबडीची अंडी उबवण्यासाठी एक भट्टी केली होती. तीत उष्णतेने फुगणारा मद्यार्क पारा ढकली आणि त्या पाऱ्याच्या हालचालीने भट्टीचे हवेचे दार कमीजास्त होई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये बोनमँ याने नळांतून गरम पाणी फिरवून पिले उबवली, आणि आगीला लगाम घालायला उष्णतेने वाढणाऱ्या धातूच्या दांडीचा उपयोग केला. माणसांची घरे या रीतीने उबदार होण्याआधी कोंबड्यांची झाली, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. अंड्यांना चूक खपत नाही; माणूस बिचारा आणखी एक घोंगडी ओढून घेतो.

पुढची मोठी पायरी एका शाळेत पडली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर या गावी शिक्षक तयार करणारी शाळा होती आणि तेथे वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवीत. तळघरात भट्टी, वर वर्ग. शाळेचा शिपाई अधूनमधून प्रत्येक वर्गाचे दार उघडून आत किती ऊब आहे ते पाही, मग खाली जाऊन भट्टीची झाकणे फिरवी. तास मध्येच मोडे. जॉन्सनने वर्गात एक उष्णतामापक यंत्र बसवले. खोली ठरल्याहून गार झाली की त्यातून वीज वाहून तळघरात घंटा वाजे. 1883 साली त्याला या विद्युत् यंत्राचे पेटंट मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच्या यंत्राने पहिल्या अवतारात शिपायाला हटवले नाही. त्याच्या पायऱ्या वाचवल्या आणि त्याला बातमी दिली, झाकण फिरवणारा हात माणसाचाच राहिला. पुढे 1895 मध्ये जॉन्सनने दाबलेल्या हवेच्या बळावर खोलीनिहाय वाफेच्या झडपा उघडण्या-मिटण्याची पद्धत काढली, आणि मग शिपायाचे काम खरोखर संपले. 1886 साली मिनियापोलिसच्या आल्बर्ट बुट्झने पेटंट घेतलेली युक्तीही पाहण्यासारखी आहे. खोली गार झाली की एक अडसर निघे, आधी किल्ली देऊन ठेवलेली स्प्रिंग दंड अर्धा वळसा फिरवी आणि साखळी भट्टीचे हवेचे दार वर ओढी. पुढे हनिवेल या नावाने जगभर गेलेल्या कंपनीचे मूळ या साखळीत आहे.

अमेरिकेत हे चालले असता आपल्या मुलखात काय होते? घरे तापवण्याची निकड आपल्याला नव्हती; आपली निकड पाण्याची. परंतु ‘आपोआप उघडावे आणि आपोआप मिटावे’ हा ध्यास येथेही होता, आणि तो फार मोठ्या मापावर होता. पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण 1879 च्या सुमारास पुरे झाले. दर पावसाळ्यात त्याच्या सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाहून जाई. मुंबई इलाख्यात नोकरीस असलेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे योजले आणि ते 1903 साली बसले. मूळच्या भिंतीची उंची न वाढवता त्यांनी साठ्याची पातळी सुमारे 8 फूट वाढवली. पाणी ठरलेल्या रेषेपर्यंत चढले की त्या चढलेल्या पाण्याच्याच बळाने प्रतिभार हलावा आणि दरवाजे उघडावेत; पूर ओसरला की ते आपले आपण मिटावेत. मध्यरात्री, वादळात, चौकीदार झोपेत असला तरी. असे दरवाजे पुढे म्हैसूरकडील कृष्णराजसागरावरही बसले. आमच्या मते हा दरवाजा म्हणजे आजच्या विषयाचा मराठी मुलखातला खरा पूर्वज. त्याला मोटार नाही, वीज नाही. ज्याच्यावर नियंत्रण ठेवायचे त्याच पाण्याला त्याने पहारेकरी केले.

याच खोऱ्यात वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. 1961 च्या पावसाळ्यात त्यात पाणी चढू लागले, तेव्हा पाणी बाहेर सोडण्याच्या वाटेवरील दरवाजांचे आणि ते उचलण्याच्या यंत्रणेचे काम पुरे झालेले नव्हते. दरवाजे धड उघडे नाहीत, धड मिटलेले नाहीत, अशा स्थितीत पाणी त्या वाटेने धडका देत जात राहिले आणि वरचा भराव खचू लागला. जवानांनी वाळूची पोती रचून धरण काही तास तगवले. 12 जुलै 1961 रोजी सकाळी ते फुटले; त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले आणि भर दिवसा पुण्यात पाणी शिरले. रात्री फुटते तर किती माणसे गेली असती, याची कल्पनाही करवत नाही. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या उंबरठ्यावर होते. 14 एप्रिल 1962 रोजी त्यांचे निधन झाले. पानशेतच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. आमच्या विषयापुरते एवढेच पाहावे की अर्धवट अडकलेली झडप ही बंद झडपेहून आणि उघड्या झडपेहून वेगळी, तिसरीच वस्तू आहे.

आता इंग्लंडातल्या त्या कपाटाकडे वळू. पानशेत फुटले त्याच दशकापासून तेथे सामान्य माणसाच्या घरातही नळांनी ऊब खेळवण्याची सोय झपाट्याने पसरली. तत्पूर्वी, 1918 च्या सुमारास, हेन्री वॉरन या अमेरिकन संशोधकाने विजेच्या घड्याळासाठी एक इवलीशी मोटार सिद्ध केली होती. वीजप्रवाहाच्या ठोक्यांशी पाऊल मिळवून ती ठराविक गतीने फिरते. झडपेच्या डोक्यावरच्या डबीत याच जातीची मोटार बसलेली असते. खोलीतले उष्णतामापक यंत्र ‘गार झाले’ म्हणते, मोटारीला वीज मिळते, दातेरी चक्रांच्या साखळीतून तिची गती मंद होऊन बळ वाढते, आणि एका स्प्रिंगला ताण देत ती दहा-वीस सेकंदांत झडप उघडते. उघडल्यावर ती आडून थांबते, पण वीज घेणे सोडत नाही. दार ढकलून त्याला पाठ टेकून उभ्या राहिलेल्या माणसाप्रमाणे ती तशीच रेटा देत राहते. खर्च फार नाही, पाच-सहा वॅटचा. खोली उबदार झाली की वीज तुटते आणि ताणलेली स्प्रिंग मोटारीला उलटे फिरवत झडप मिटवते. म्हणजे उघडण्याला वीज लागते, मिटण्याला लागत नाही. गावची वीज गेली, मोटार जळाली, तार तुटली, तरी झडप मिटलेल्या स्थितीतच विसावते. कोणी लक्ष देत नसताना दार कसे असावे, हे करणाऱ्याने आधीच ठरवून ठेवले आहे.

परंतु या डबीतला सर्वांत शहाणा भाग मोटार नव्हे आणि स्प्रिंगही नव्हे. तो एक बोटाच्या पेराएवढा स्विच आहे. झडप पुरती उघडली की चक्राचा दाता हा स्विच दाबतो, आणि तेव्हाच बॉयलरला व पंपाला वीज जाते. खोलीने मागणी केली म्हणून बॉयलर पेटत नाही. झडपेने ‘वाट मोकळी आहे’ असा निरोप दिल्यावर पेटतो. बंद वाटेवर बॉयलर पेटला तर त्याच्या पोटातले पाणी जागच्या जागी उकळू लागेल. म्हणून हुकूम खोलीचा, पण रुजवात झडपेची. हा स्विच बिघडून दाबलेलाच राहिला, तर कोणी न मागता बॉयलर जळत राहतो, कारण त्याला खोटा निरोप मिळतो. तेथील कारागिरांना हा बिघाड चांगला परिचित आहे. तीन तोंडांची झडपही असते. स्वस्थ असता तिची वाट अंघोळीच्या टाकीकडे, पुरती फिरली की खोल्यांकडे, आणि दोन्हीकडून मागणी आली की ती नेमकी मध्ये थांबते व दोघांनाही पाणी देते. तिच्यात स्विच दोन लागतात. अर्धवट उघडे राहणे येथे योजलेले आहे, कळवलेले आहे. पानशेतला जे झाले त्याच्या अगदी उलट.

या साऱ्याचा आपल्या जिल्ह्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. रब्बीच्या दिवसांत रिसोड, मालेगाव, मानोरा, कोणत्याही भागात शेतातल्या विहिरीवर जाऊन पाहावे. पंपाच्या स्टार्टरला एक लहान डबी जोडलेली आढळेल. तिला शेतकरी ‘ऑटो’ म्हणतात. कृषिपंपांची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचे म्हणून थंडीत, काळोखात, पायाखाली काय आहे ते न दिसता शेतकऱ्याने बांधावर जावे, हे कोणाला रुचेल? ऑटोने ते वाचवले. वीज आली की तो स्वतःच पंप सुरू करतो. ही सोय चैनीची आहे असे जो म्हणेल त्याने पौषातली एक रात्र शेतावर काढून पाहावी.

अडचण पुढेच येते. वीज आली त्या क्षणी एका डीपीवरचे सगळे पंप एकदम उठतात. मोटार चालू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. सगळ्यांची ओढ एकाच क्षणी डीपीवर पडली की फ्यूज जातो, कधी डीपीच जळते, आणि मग ती बदलून येईपर्यंत सगळ्यांचीच पिके तहानलेली. महावितरण वेळोवेळी शेतकऱ्यांना ऑटो काढून कपॅसिटर बसवण्याचे आवाहन करते ते याचसाठी. आवाहन खरे आहे, पण रात्रीची वीज आहे तोवर ऑटो काढा म्हणणे म्हणजे शेतकऱ्याला पुन्हा काळोखात पाठवणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. साध्या ऑटोला दोष द्यायचा तर तो असा की त्याला फक्त ‘चालू कर’ एवढेच ठाऊक आहे. विहिरीत पाणी आहे का, पाइप जागेवर आहे का, शेजारचा पंप आत्ताच उठला आहे का, यांतले काही त्याला कोणी कळवत नाही. त्या झडपेतला बोटाच्या पेराएवढा स्विच त्याच्यापाशी नाही.

तसा स्विच आता येऊ लागला आहे. मोबाइलवर चालणारे स्टार्टर शेतकऱ्याच्या हाती आले आहेत; वीज आली, पंप सुरू झाला, बंद पडला, हा निरोप ते घरी पाठवतात, आणि विहीर कोरडी पडली तर पंप बंद करणारी सोयही मिळते. पण एका डीपीच्या भांडणाला तेवढेही लागत नाही. वीज आल्यावर काही वेळ थांबून पंप उठवणारे, टाइमर बसवलेले ऑटो मिळतात. एका डीपीवरच्या सगळ्यांनी एकदा बसून ठरवावे: पाटलांचा पंप पहिल्या मिनिटाला, त्यांच्या शेजाऱ्याचा दुसऱ्या, नाल्याकाठचा तिसऱ्या. वाशीमचा व्हॉल्व्हमन एका भागाची झडप मिटवून दुसऱ्या भागाची उघडतो, तोच हा क्रम. आणि तो टाइमरवर लावायला एक पेचकस पुरतो.