माथेरानची लाल वाट

माथेरानबद्दल लिहिणारा प्रत्येक जण तिथल्या शांततेबद्दल लिहितो. हॉर्न नाही, धूर नाही, झाडांच्या सावलीतली लाल मातीची वाट आणि त्यावर पडणारी घोड्यांची टाप. ही शांतता निसर्गानं दिलेली आहे असं आपण सहज धरून चालतो. पण तिलाही इतिहास आहे. ती माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून तयार झाली आणि तिचा भार आधी घोड्यांनी आणि माणसांच्या खांद्यांनी उचलला.

मे १८५०. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी, चौकला होता. ते वन ट्री हिलच्या बाजूनं वर चढले आणि रामबागच्या बाजूनं उतरले. इंग्रजी पुस्तकांत याला माथेरानचा ‘शोध’ म्हणतात. ठाकूर, धनगर आणि कातकरी लोक या डोंगरावर त्याआधीपासून वावरत होते, त्यामुळे शोध कुणाला लागला हे वाचताना लक्षात ठेवायचं. मॅलेटनी पुढे इथे घर बांधलं, गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी बंगला बांधला आणि मुंबईच्या साहेबांना, पाठोपाठ श्रीमंत पारशी आणि गुजराती कुटुंबांना उन्हाळ्याची जागा मिळाली.

१८५६ पर्यंत रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली आणि वाटेतलं नेरळ हे माथेरानचं दार झालं. प्रश्न होता तो नेरळहून पुढच्या चढाचा. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आणि नेरळ जवळजवळ कोकणच्या सपाटीला. साधारण अकरा किलोमीटरच्या या वाटेवर पर्याय तीनच: घोडा, पालखी नाहीतर स्वतःचे पाय. सामान हमालांच्या डोक्यावर. म्हणजे आज ‘हॉर्स रायडिंग’ म्हणून अर्धा तास ज्यावर आपण हौस भागवतो, ती पन्नास वर्षं इथली वाहतूक व्यवस्था होती.

माथेरानचे रस्ते असे का आहेत, हे यावरून कळतं. पॅनोरमा, लुईझा, एको, अलेक्झांडर, पॉर्क्युपाइन अशा पॉइंटांना जोडणाऱ्या वाटा नकाशावर पाहा. त्या सरळ जात नाहीत. कड्याच्या कडेनं फिरतात, चढ आला की वळसा घेतात, सावली सोडत नाहीत. चाकांसाठी आखलेला रस्ता असा नसतो. या वाटा सकाळ-संध्याकाळ घोड्यावरून किंवा पायी फेरी मारायला, वारा खायला आहेत. पोचण्याची घाई त्यांच्यात नाही.

मग आगगाडी आली. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम पुढे नेलं. १९०४ साली सुरू झालेलं काम १९०७ मध्ये पुरं झालं. रूळांमधलं अंतर अवघं दोन फूट. गाडीला घोड्यासारखा खडा चढ झेपत नाही, म्हणून तिनं डोंगरभर नागमोडी वळणं घेत तब्बल २१ किलोमीटरचा मार्ग धरला. घोड्याच्या वाटेच्या जवळजवळ दुप्पट! तरी लोकांनी गाडीच पसंत केली. नेरळ ते माथेरान हे घोड्याचं काम हळूहळू सुटलं आणि तो वरच्या पठारावरचा झाला.

पुढे मोटारींसाठी घाटरस्ता झाला, पण तो दस्तुरी नाक्यावर थांबला. तिथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर चालत जायचं, अमन लॉज स्टेशनवरून गाडी पकडायची, नाहीतर घोडा किंवा हातरिक्षा करायची. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारनं माथेरान आणि आजूबाजूचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश ‘इको-सेन्सिटिव्ह झोन’ म्हणून जाहीर केला. गावात रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी सोडून वाहनांना बंदी झाली. सवय होती ती कायदा झाली.

आपल्याला ऐकू येते ती शांतता या बंदीची आहे. आणि इथेच खरा प्रश्न सुरू होतो. इंजिन बंद केलं म्हणून ओझं संपत नाही. गॅसचे सिलिंडर, पिठाची पोती, सिमेंट, हॉटेलातल्या गाद्या वर जातातच. इंजिन नसेल तर ते कुणाच्या तरी पाठीवर जातात. माल वाहणारी घोडी दिवसभर त्याच चढावर खेपा घालतात. आणि ज्याला घोड्याची भीती वाटायची किंवा वय झालेलं असायचं, त्याला एक माणूस पुढून ओढायचा नि दुसरा मागून ढकलायचा.

हातरिक्षा ओढणाऱ्यांनी ई-रिक्षांची मागणी केली ती यातूनच. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली. घोडेवाल्यांच्या संघटनांनी विरोध केला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयानं हातानं ओढायच्या रिक्षा मानवी प्रतिष्ठेला धरून नाहीत असं सांगत सहा महिन्यांत त्या बंद करण्याचा आदेश दिला. त्याच निकालात पेव्हर ब्लॉकचाही फैसला झाला: दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर ते चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाही.

पेव्हर ब्लॉक ही बाहेरच्यांना क्षुल्लक गोष्ट वाटेल. ज्याचं पोट घोड्यावर आहे त्याला विचारा. घोड्याच्या पायात लोखंडी नाल असते. मातीत ती किंचित रुतते, पकड घेते आणि टापेचा दणका माती पिते. गुळगुळीत, ओल्या काँक्रीटवर तीच नाल घसरते, आणि दणका थेट गुडघ्यात जातो. घोडा लंगडला की त्या घरचा हंगाम बुडतो. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. माथेरानच्या पावसात मोकळी लाल माती वाहून जाते, रस्त्याला घळी पडतात, आणि तिथून हातरिक्षा ओढणं म्हणजे काय ते ओढणाराच जाणे. एकाला माती हवी, दुसऱ्याला फरशी. दोघंही गरजेपोटीच बोलत होते.

हा वाद ‘विकास विरुद्ध निसर्ग’ या दोन खणांत बसवण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. माणसानं माणसाला ओढणं थांबलंच पाहिजे, यात दुमत नको. पण घोडेवाल्याचा विरोध म्हणजे आडमुठेपणा, हेही चूक. १९०७ ला आगगाडीनं त्याच्या हातून नेरळची वाट नेली. आता दस्तुरीची खेप जाते आहे. उरतात त्या पॉइंटांच्या फेऱ्या, म्हणजे शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे दिवस. घोडा मात्र सातही दिवस खातो. जोरदार पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतानाही त्याला चारा, चंदी, नालबंद, औषध लागतंच.

इतिहासातही त्यांच्या वाट्याला फार काही आलेलं नाही. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये माथेरानवर मोठं प्रकरण आहे. पॉइंटांना साहेब-मेमसाहेबांची नावं मिळाली, तलावाचं नाव शार्लट पडलं. त्याच तलावाकाठी पिसरनाथाचं देऊळ आहे, ते नाव इथलं. लगाम धरून चालणाऱ्याचं नाव कुठल्याच पॉइंटला नाही. कष्टकऱ्यांच्या या गावातलं एक नाव मात्र महाराष्ट्राला ठाऊक आहे: १९१२ मध्ये माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मलेले, वकील झालेले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल.

म्हणून पुढच्या वेळी माथेरानला जाल तेव्हा दस्तुरीपासून बाजारापर्यंत खुशाल ई-रिक्षानं जा. पण आतल्या मातीच्या वाटेवर घोडा करा. चढताना आधी त्याच्या पाठीवर खोगिराखाली जखम आहे का पाहा, तो लंगडत नाही ना ते पाहा, वजन जास्त असेल तर चालत जा. दर ठरलेला असेल तो द्या, घासाघीस नको. आणि लगाम धरून चालणाऱ्याला त्याचं नाव विचारा. आपण सगळे घोड्याचंच नाव विचारतो.