मुंबई ते लंडन : एका अंतराचा इतिहास

कंपनी सरकारचा खलिता जेव्हा शिडाच्या जहाजातून, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, मुंबईहून लंडनला जाई, तेव्हा त्याचे उत्तर हाती पडेपर्यंत कित्येकदा वर्ष उलटे, आणि ज्या प्रकरणी हुकूम मागविला त्याचा निकाल काळानेच लावलेला असे. या दीर्घ प्रतीक्षेला पहिला छेद दिला तो मुंबईच्याच गोदीत बांधलेल्या 'ह्यू लिंडसे' या आगबोटीने. मार्च १८३० मध्ये, कोठारात मावेना म्हणून उतारूंच्या खोल्यांतही कोळसा रचून, भाराने पाण्यात खोल रुतलेली ही बोट निघाली आणि वाटेत एडनला पुन्हा कोळसा भरून घेत सुमारे महिन्याभराने सुएझला पोहोचली. तेथून पुढे मात्र टपालाला आणि उतारूंना वाळवंट ओलांडूनच भूमध्य समुद्र गाठावा लागे. हा अडसर १८६९ साली सुएझ कालव्याने दूर केला.

पुढे ८ जून १९४८ रोजी, स्वातंत्र्याला वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून उडाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत तिसऱ्या दिवशी लंडनला उतरले. सरळ आकाशमार्गाने हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ते तसूभरही घटलेले नाही. घटला तो केवळ काळ, आणि त्याचे श्रेय कोळसा उपसणाऱ्या त्या अनाम खलाशांनाही आहे, हे आपण विसरता कामा नये.