ठळक देवनागरी अक्षर : घडण आणि उपयोग

मुद्रणात अक्षराला दोन कामे करावी लागतात. पानामागून पान वाचकाला सुखाने वाचू देणे हे एक आणि त्याची नजर दुरून वेधून घेणे हे दुसरे. मथळे, जाहिराती, भित्तिपत्रके आणि पाट्या यांवरील ठळक अक्षर दुसऱ्या कामासाठी जन्मले.

युरोपात अशा अक्षराचा उदय १९व्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये झाला. सोडतीच्या व नाटकांच्या जाहिरातींसाठी तेथे अतिशय जाड अक्षरे ओतली गेली. मराठी मुद्रणाची पहिली ओढ मात्र ग्रंथाकडे होती. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६४ मध्ये टाईपाचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणूजी रावजी आरू यांच्या सुबक घडणीने त्या टाईपाला लौकिक मिळवून दिला. तो लौकिक मुख्यतः वाचनाच्या अक्षराचा होता.

देवनागरी अक्षर जाड करणे सोपे नाही. वर शिरोरेषा व मात्रा, खाली उकार आणि मध्ये दंड, गाठ व जोडाक्षर अशी दाटी असते. सर्वच रेषा सारख्या फुगवल्या, तर आतली पांढरी पोकळी बुजते. मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद दुरून हरवतो. म्हणून शाई कोठे भरावी याइतकाच कागद कोठे मोकळा ठेवावा, याचाही विचार घडविणाऱ्याला करावा लागतो.

छापखान्यातील खिळ्यांनी न भागणारी गरज दीर्घकाळ चित्रकारांच्या कुंचल्याने भागवली. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षके रेखाटताना प्रत्येक नाटकाची प्रकृती त्याच्या अक्षरात उतरवली. परंतु असे रेखाटन त्या एका शीर्षकापुरतेच असते. टाईप मात्र कोणत्याही शब्दाला उपयोगी पडावा लागतो.

संगणकाच्या युगात ही अट मुंबईच्या ‘एक टाईप’ या संस्थेने सांभाळली. सारंग कुळकर्णी व मैथिली शिंगरे यांचा ‘मोदक’ हा टाईप २०१५ मध्ये सर्वांना विनामूल्य खुला झाला. त्यातील पोकळ्या पांढऱ्या फटींएवढ्याच उरल्या आहेत, तरी मोठ्या आकारात अक्षर ओळखू येते. त्याच संस्थेचा ‘बालू’ २०१६ मध्ये अनेक भारतीय लिप्यांत आला. त्याच्या तेलुगू रूपाचे नाव ‘तम्मुडू’, म्हणजे धाकटा भाऊ.

सीमाभागाला या भावंडांचे मोल विशेष आहे. आदिलाबाद जिल्ह्यातील गुडीहत्नूर हे नागपूर–हैदराबाद महामार्गावरील गाव असून त्या जिल्ह्यात मराठी आणि तेलुगू शेजारी नांदतात. दोन लिप्यांच्या पाटीवर एक अक्षर जाड आणि दुसरे किरकोळ असले, की एक भाषा यजमान आणि दुसरी पाहुणी वाटू लागते. एकाच घडणीची अक्षरे दोघींना सारखा मान देतात.

ठळक अक्षराला मर्यादाही आहेत. त्यात छापलेला परिच्छेद डोळ्यांना शिणवतो आणि पानावरचे सारेच ठळक झाले, की काहीच ठळक राहत नाही. दारावर हाक मारावी ठळक अक्षराने. आत आलेल्या वाचकाशी बोलावे साध्या अक्षराने.