मोडेमच्या पलीकडची खोली

मोडेमचा तो किर्रर्र आवाज आठवतो ना? आवाज थांबला की पडद्यावर आकडा यायचा: सेकंदाला 33,600 बिट. तो आकडा पाहून तुम्ही खूश व्हायचात. त्या दिवसांत मी तारेच्या दुसऱ्या टोकाला होतो. आज त्या टोकाची गोष्ट.

आपल्याकडे संगणकांची जाळी आधी शिक्षणसंस्थांत विणली गेली. 1986 मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे एनसीएसटी होते. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुले केले. 1998 मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी मी इंदूरच्या एका लहान कंपनीत लागलो.

जुन्या पद्धतीत तीस ग्राहकांना एकाच वेळी आत घ्यायचे तर तीस टेलिफोन लाइन, तीस मोडेम आणि खोलीभर उकाडा. आमच्याकडे एक्स्चेंजमधून 'पीआरआय' आली होती. 2.048 मेगाबिटची एकच डिजिटल लाइन, तिचे 32 कप्पे, प्रत्येक 64 किलोबिटचा. एक कप्पा ताल जुळवायला, एक कॉलच्या सूचनांना, उरलेले 30 ग्राहकांना. ती थेट ॲक्सेस सर्व्हरमध्ये जायची. 1998 च्या व्ही.90 मानकाचे 56 के मोडेम शक्य झाले तेही सेवा देणाऱ्याचे टोक असे डिजिटल असल्यामुळेच.

जोडताना मी चुकाही केल्या. येणारी आणि जाणारी केबल उलटी लावली, लाल दिवा लागला. नंतर सर्व्हर एक्स्चेंजच्या घड्याळावर चालवायचा सोडून त्याच्या स्वतःच्या घड्याळावर ठेवला. लोकांचे कनेक्शन मधेच तुटू लागले, आणि पुन्हा डायल केले की नव्या कॉलचा भुर्दंड त्यांनाच.

ही झाली आत येणारी वाट. बाहेर जाणारी वाट म्हणजे लीज्ड लाइन. तिला नंबर फिरवायचा नसतो. ती रात्रंदिवस एकाच ठिकाणी जोडलेली असते आणि राउटरला लागते. भाडे मोठे, म्हणून आमची होती फक्त 64 किलोबिटची.

आता हिशेब करा. आत 30 ग्राहक, प्रत्येकी 33.6. म्हणजे साधारण 1,000 किलोबिट. बाहेर 64. सगळे एकाच क्षणी काही मागवत नसत, वाचताना थांबत, म्हणून दुपारी निभायचे. रात्री दहानंतर मात्र माणशी दोन किलोबिट उरायचे.

एका रात्री एका आजोबांचा फोन आला. मुलीने अमेरिकेतून नातवाचा फोटो एका संकेतस्थळावर ठेवला होता. फोटो 100 किलोबाइटचा; मोडेमच्या वेगाने अर्ध्या मिनिटात यायला हवा, तो सहा-सात मिनिटे घेत होता. त्यांनी विचारले, "अहो, माझा मोडेम बिघडलाय का? नवीन घेऊ?" मी म्हणालो, "काका, तुमच्या लाइनमध्ये खरखर असेल." वरून तसेच सांगायची सूचना होती. त्यांनी नवीन मोडेम घेतला. फोटो तितक्याच वेळात आला.

पुढे लीज्ड लाइन वाढली, पण ग्राहकही वाढवले गेले. प्रमाण फारसे हलले नाही. आपल्या इंटरनेटच्या इतिहासात उद्घाटनाच्या तारखा नोंदल्या जातात, हे प्रमाण कुणी लिहून ठेवत नाही. ग्राहकाने पैसे मोजले ते पडद्यावरच्या आकड्यासाठी, आणि त्याला मिळाले ते आमच्या खोलीतून बाहेर जाणाऱ्या एका तारेइतके.

म्हणून आजही कुणी फायबरचा मोठा वेग सांगितला की मी एकच विचारतो: ही लाइन किती घरांत वाटली आहे? तुम्हीही विचारा. आणि ते काका हे ऐकत असतील तर, काका, तुमचा जुना मोडेम चांगला होता.