सेन्सर व वायरिंग दोषनिदान (जुनी व्हॅन)

फ्युएल इंजेक्शन असलेल्या जुन्या व्हॅनमधील बिघाड सेन्सरचा, वायरिंगचा की यांत्रिक, हे क्रमाने ठरवण्याची पद्धत. भारतातील परिचित उदाहरण मारुती ओम्नीचे. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून बाजारात आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. आरंभी त्याला कार्बुरेटर होता. नंतरच्या गाड्यांत एमपीएफआय (मल्टि-पॉइंट फ्युएल इंजेक्शन) आले आणि इंजिनाची सूत्रे ईसीएमकडे (इंजिन कंट्रोल मॉड्यूलकडे) गेली.

कार्य : ईसीएम बहुतेक सेन्सरांना ५ व्होल्टचा पुरवठा करते व परत येणाऱ्या व्होल्टेजवरून पेट्रोलचे प्रमाण ठरवते. कूलंट तापमानाच्या सेन्सरचा रोध तापमान वाढताच घटतो. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर स्वतःच सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्ट निर्माण करतो.

लक्षणे : चेक इंजिनचा दिवा लागणे, मिसिंग, पिकअप कमी होणे, आयडलिंग वरखाली होणे. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर चालू होणारी गाडी क्रँक (क्रँकशाफ्टची स्थिती टिपणाऱ्या) सेन्सरविषयी संशय निर्माण करते. उष्णतेने कडक झालेले आवरण, कपलरमधील ओल व गंज, सैल अर्थिंग आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी ही वायरिंगमधील नेहमीची कारणे.

तपासणी : प्रथम बॅटरी, फ्यूज आणि अर्थिंग पाहतात. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेन्सरच्या अर्थिंगवर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त घट आढळल्यास जोड साफ करावा लागतो. त्यानंतर स्कॅनरवर दोषांचे संकेतांक वाचतात. पी०११८ म्हणजे कूलंट सेन्सरच्या मंडलात व्होल्टेज जास्त, पी०११७ म्हणजे कमी. पहिला बहुधा तुटलेल्या वायरीने, दुसरा वायर बॉडीला टेकल्याने उमटतो. दोन्हींत सेन्सर निर्दोष असू शकतो.

दोन वायरींच्या कूलंट सेन्सरचा कपलर काढल्यावर स्कॅनरवर उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासचे आणि कपलरमधील दोन्ही टोके क्षणभर जोडल्यावर अतिउच्च तापमान दिसले, तर वायरिंग व ईसीएम ठीक असून दोष सेन्सरचा ठरतो. तसे न झाल्यास वायरिंग तपासावे. अधूनमधून येणारा दोष शोधण्यासाठी चालू इंजिनावर वायरी हलवून मूल्यांतील झटका पाहतात.

दक्षता : कपलर काढण्यापूर्वी इग्निशन बंद ठेवावे. ईसीएमच्या मंडलात बल्बचा टेस्टर वापरू नये, मल्टीमीटर वापरावा. वायरीचे आवरण टोचल्यास तेथून ओल शिरून नवा दोष उद्भवतो.

संकेतांक सदोष मंडल सुचवतो, सदोष सुटा भाग नव्हे. त्यामुळे पुरवठा, अर्थिंग व वायर न तपासता सेन्सर बदलणे हा बहुधा व्यर्थ खर्च ठरतो.