मिलवॉकीचा ठराव

अमेरिकन बार असोसिएशनच्या १९१२ च्या मिलवॉकी अधिवेशनातला ठराव लहानसाच आहे. त्याचा आशय असा: कृष्णवर्णीय वंशाच्या तीन व्यक्ती सभासद म्हणून निवडल्या गेल्या, तेव्हा निवडणाऱ्यांना त्यांचा वंश ठाऊक नव्हता, या वंशाचे लोक संस्थेत यावेत हे कधी अभिप्रेतच नव्हते, यापुढे स्थानिक मंडळाने अशा कुणाची शिफारस केली तर त्याचा वंशही सोबत कळवावा.

‘कधी अभिप्रेतच नव्हते’ हे विधान ताडून पाहता येते, कारण साराटोगा स्प्रिंग्ज येथे १८७८ मध्ये स्वीकारलेली संस्थेची घटना उपलब्ध आहे. सभासद होऊ इच्छिणारा किमान पाच वर्षे एखाद्या राज्यातला प्रतिष्ठित वकील असावा आणि त्याचे नाव रीतसर सुचवले जावे, एवढेच ती मागते. वंशाचे नाव नाही. ठरावाला घटनेत आधार नव्हता. तो सभासदांच्या मनात होता.

तिघांपैकी विल्यम लुईस हार्वर्डमधून कायदा शिकलेले आणि त्या वेळी अमेरिकेचे सहायक अ‍ॅटर्नी जनरल. बटलर विल्सन बोस्टनचे, विल्यम मॉरिस मिनियापोलिसचे. कार्यकारी समितीने लुईस यांची झालेली निवड रद्द ठरवली, तेव्हा अ‍ॅटर्नी जनरल जॉर्ज विकरशॅम यांनी संस्थेच्या सुमारे ४,७०० सभासदांना पत्र पाठवून निषेध नोंदवला. आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यासाठी त्यांनी देशभरच्या वकिलांना साद घातली. या साऱ्या प्रकरणात मला ते पत्र सर्वांत मोलाचे वाटते. संस्थेचे माजी अध्यक्ष मूरफील्ड स्टोरी हेही तिघांच्या बाजूने उभे राहिले.

मिलवॉकीत झाली ती तडजोड. तिघांचे सभासदत्व शाबूत राहिले, पण त्यांच्यामागून येणाऱ्यांची वाट अडली. अर्जात वंश विचारला जाऊ लागला. मॉरिस यांनी राजीनामा दिला. लुईस आणि विल्सन यांनी दिला नाही.

ही संस्था खासगी होती आणि सभासदत्व ऐच्छिक होते. कुणाची सनद काढून घेण्याचा अधिकार तिला नव्हता. तरी तिचा शब्द देशभर चाले. चारच वर्षांपूर्वी, १९०८ मध्ये, तिने वकिलांची आचारसंहिता स्वीकारली होती. अशिलाशी, न्यायाधीशांशी आणि समव्यावसायिकांशी कसे वागावे हे त्या संहितेत सांगितले होते आणि राज्याराज्यांतल्या वकील संघटनांनी ती उचलली होती. म्हणूनच तिने दार लावून घेणे हा एखाद्या क्लबाचा घरगुती मामला ठरत नाही. व्यवसायाची नीती ठरवणाऱ्या सभेत बसायचे कुणी, हाच प्रश्न तिथे निकालात निघाला होता, आणि तो अन्यायाने निघाला.

१९२५ मध्ये आयोवातील डे मॉइन येथे कृष्णवर्णीय वकिलांनी स्वतःची नॅशनल बार असोसिएशन स्थापन केली. सभासदत्व वंशावर अवलंबून नाही, असा ठराव जुन्या संस्थेने केला तो १९४३ मध्ये. नॅशनल बार असोसिएशन त्यानंतरही विसर्जित झाली नाही. तिचे काम आजही चालू आहे.