पॉझिट्रॉन

इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेच (०.५११ मेगॅ-इलेक्ट्रॉन व्होल्ट), परिवलनही तेवढेच (१/२), विद्युत् भार मात्र धन. निर्वातात तो स्थिर असतो. पदार्थात वेग मंदावल्यावर इलेक्ट्रॉनशी गाठ पडून दोन्ही नष्ट होतात व बहुधा दोन गॅमा फोटॉन विरुद्ध दिशांना बाहेर पडतात.

इतिहास : पी. ए. एम. डिरॅक यांच्या समीकरणातून (१९२८) ऋण ऊर्जेच्या अवस्था निघत. त्या इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या असून त्यांतील रिकामी जागा धन भाराच्या कणासारखी वागते, असे त्यांनी मांडले. ही जागा म्हणजे प्रोटॉन, हे आपले आधीचे मत सोडून १९३१ मध्ये त्यांनी नवा कण सुचविला. ऑगस्ट १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांच्या मेघकोष्ठातील छायाचित्रात तो आढळला. शिशाचा ६ मिमी. जाडीचा पत्रा ओलांडल्यावर कणाचा मार्ग अधिक वळला होता. त्यावरून गतीची दिशा व भाराचे चिन्ह ठरले.

भाभा प्रकीर्णन : दोन इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळल्यावर कोणता कोणता हे ओळखता येत नाही, मोलर यांच्या सूत्रात (१९३२) याचा हिशेब विनिमयाच्या पदाने होतो. पॉझिट्रॉन वेगळा ओळखू येतो, मग त्याला असे पद लागू होईल काय? मुंबईत जन्मलेले होमी जहांगीर भाभा (१९०९–६६) यांनी केंब्रिजमध्ये हा प्रश्न सोडविला. त्यांचा निबंध रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. पॉझिट्रॉन ही रिकामी जागा असल्याने विनिमयाचे पद येथेही उरते. फक्त त्याचा अर्थ बदलतो : जोडी नष्ट होऊन पुन्हा निर्माण होणे. कमी वेगाला हे पद नगण्य ठरून रदरफर्ड सूत्र मिळते. मोठ्या वेगाला व मोठ्या कोनात फरक ठळक दिसतो. लहान कोनातील प्रमाण अचूक काढता येत असल्याने इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन आघातयंत्रांत टकरींचा दर याच प्रक्रियेने मोजतात. सर्न येथील लेप यंत्रावर (१९८९–२०००) हीच पद्धत होती; तेथील एल-३ प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग होता.

गुरुत्वाकर्षण : सर्नच्या अल्फा प्रयोगात (२०२३) पॉझिट्रॉन व प्रतिप्रोटॉन यांचा बनलेला प्रतिहायड्रोजन खालीच पडतो, असे दिसले.

विश्वातील प्रमाण : विश्वात द्रव्य उरले व प्रतिद्रव्य जवळजवळ नाही, याचे सर्वमान्य स्पष्टीकरण नाही.

उपयोग : पेट चित्रण, त्यासाठी मुख्यतः फ्ल्युओरीन-१८ (अर्धायुष्य सु. ११० मिनिटे).